आधी जागेचा हिशेब मांड

प्रिय मित्रा,

तुझे पत्र दोनदा वाचले. स्वतः रोज कारने कामावर जाणाऱ्याने राखीव बसमार्गिकेचा प्रस्ताव कोणत्या तोंडाने मांडावा, असे तू विचारले आहेस. त्यामागचा प्रामाणिकपणा मला भावला, पण या अपराधीपणात तू आणखी एक आठवडाही घालवू नयेस. जिथे बस ४० मिनिटांनी येते आणि पदपथ मध्येच संपतो, तिथे कार वापरणारा माणूस गुन्हेगार नसतो. ज्या साधनाला रस्त्याची जागा बहाल केलेली आहे, तेच त्याने निवडलेले असते. म्हणून आधी जागेचा हिशेब मांड.

समज, एका मार्गावर बसची पूर्ण फेरी ६० मिनिटांची आहे आणि ६ बस धावत आहेत, म्हणजे दर १० मिनिटांनी बस मिळते. त्याच बस कारच्या गर्दीत अडकून फेरी ९० मिनिटांची झाली, तर तितक्याच बस आणि तितकेच चालक असूनही थांब्यावरचा माणूस १५ मिनिटांपर्यंत ताटकळतो. कंटाळून तो कार घेतो, गर्दी वाढते आणि फेरी आणखी लांबते. नव्या बस आणल्या तरी त्या याच गर्दीत अडकणार असतील, तर हे दुष्टचक्र सुटत नाही. त्यासाठी बसला स्वतःची जागा लागते.

तुझे सहकारी म्हणतात की सगळ्या कार विजेवर आल्या की प्रश्न मिटेल. धूर थांबेल, आणि त्याचे मला मनापासून समाधान आहे. पण टायरच्या झिजेची धूळ राहील, विजेची कार चौकात पेट्रोलच्या कारइतकीच जागा व्यापेल आणि दिवसाचा बहुतेक वेळ तितक्याच जागेत उभी राहील. रस्ता रुंद करण्याचा उपायही मला कोणी नव्याने समजावू नये. अमेरिकेतील ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ पर्यंत रुंद करण्यात आला आणि काही ठिकाणी, बाजूचे रस्ते धरून, २६ मार्गिकांपर्यंत पोहोचला. तरी थोड्याच वर्षांत गर्दीच्या वेळेतला प्रवास पुन्हा लांबला. वाढवलेली जागा नव्या कारनी भरून टाकली.

‘लोक बदलणार नाहीत’ हे वाक्य ऐकून तू गप्प बसलास, याचा मात्र मला राग आला. नेदरलँड्सची सायकल ही तिथल्या लोकांची उपजत सवय आहे असे मानणाऱ्यांना सांग की १९७१ मध्ये त्या देशात रस्त्यांवर ४०० हून अधिक मुले मृत्युमुखी पडली होती, आणि संतापलेले पालक व नागरिक रस्त्यावर उतरल्यानंतरच सायकलींना संरक्षित जागा मिळू लागली. स्वीडनच्या स्टॉकहोमने २००६ च्या आरंभी गर्दी शुल्काचा, म्हणजे शहराच्या मध्यभागाची सीमा ओलांडणाऱ्या वाहनांकडून पैसे घेण्याचा, प्रयोग केला, पण वाढीव बससेवा त्याच्या काही महिने आधी सुरू केली. शुल्क-सीमेवरची वाहतूक सुमारे एक पंचमांशाने घटली, आधी विरोधात असलेले जनमत पालटले आणि २००७ मध्ये शुल्क कायम झाले. लोकांची मने वळण्याची वाट पाहत बसले असते, तर तो प्रयोग झालाच नसता.

मला हट्टी म्हणतात, हे तुझ्या कानावर आले असेलच. थांब्यांची रचना, तिकीट, वेळापत्रक, बसचा रंग या सर्व बाबतींत मी तडजोड केली. मार्गिकेच्या बाबतीत केली नाही. त्यापायी काही प्रस्ताव हातचे गेले, काही मैत्रीही दुरावल्या, आणि त्यांची खंत मला आजही आहे. निदान संध्याकाळी पार्किंगला परवानगी दिली असती तर मार्गिका मिळाली असती, असे जुने सहकारी अजून ऐकवतात. पण एक उभी कारसुद्धा पूर्ण मार्गिका निकामी करते, आणि अशी मार्गिका अपयशी ठरली की तिचाच दाखला देऊन पुढची नाकारली जाते. या बाबतीत मी योग्य होतो असे मी आजही म्हणेन.

तेव्हा कारवर जे काही लिहिले आहेस ते शेवटच्या पानावर ने आणि फेरीच्या वेळेचा हिशेब पहिल्या पानावर घे. निवांत वेळी नव्हे, ऐन गर्दीत स्वतः बसमध्ये बसून वेळ मोज. मसुदा तयार झाला की मला पाठव. मी सर्वप्रथम प्रत्येक चौकाआधीचे शेवटचे १०० मीटर तपासणार आहे, कारण बसला जागेची सर्वाधिक गरज तिथेच असते आणि मार्गिका नेमकी तिथेच तोडली जाते.