सगळ्यात मोठा भाई धरला, मग धंदा बंद का होत नाही?

गेल्या महिन्यात या सदरात मेक्सिकोतल्या कुलियाकान शहराबद्दल सहज दोन परिच्छेद लिहिले होते, की तिथे सरकारने एका ड्रग डॉनच्या पोराला पकडलं आणि त्याच दिवशी सोडूनही दिलं. त्यावर इतके प्रश्न आलेत की कुंडीतला कढीपत्ता आणि सोसायटीचं पार्किंग हे आपले नेहमीचे हिट विषय ह्यावेळी बाजूला ठेवतोय. सगळी पत्रं घेता येत नाहीत, रागावू नका.

पकडलेला आरोपी सरकार सोडून देतं? आमच्या वेळी साधा पाकीटमार सुटला तरी साहेब सस्पेंड करायचे. हे सरकार आहे की चेष्टा?
— निवृत्त हवालदार, सातारा

हवालदारसाहेब, तुमचा संताप समजतो, पण त्या दिवशी तिथल्या नाक्यावर तुम्ही ड्युटीला असता तर काय केलं असतंत ते ऐकून सांगा. १७ ऑक्टोबर २०१९, दुपारची वेळ. लष्कराच्या तुकडीने एका घरातून ओविदिओ गुझमानला उचललं. हा 'एल चापो'चा मुलगा. आणि चापो म्हणजे तोच, जो २०१५ मध्ये हाय सिक्युरिटी जेलच्या बाथरूमखालून दीड किलोमीटरच्या बोगद्यातून पळाला, आणि बोगद्यात रूळ टाकून त्यावर मोटरसायकल ठेवलेली होती. तर पोराला धरल्याची बातमी फुटली आणि थोड्याच वेळात ट्रकवर मशीनगन बसवलेली शेकडो माणसं रस्त्यावर, बसेस आडव्या लावून पेटवल्या, जेल फोडून कैदी बाहेर काढले, आणि कळस म्हणजे सैनिकांची बायकामुलं राहतात ती कॉलनीच घेरली. सरकारने काही तासांत त्याला सोडला. तो आदेश आपणच दिला असं राष्ट्राध्यक्ष लोपेझ ओब्रादोर नंतर स्वतः म्हणाले.

मला विचाराल तर सोडणं चूक नव्हतं. चूक होती ती कसलीही तयारी न करता भरवस्तीत भरदिवसा हात घालणं. जानेवारी २०२३ मध्ये परत धरला तेव्हा अंधारात धरला, आणि लगेच हेलिकॉप्टरने राजधानीत नेला. तरी १० सैनिक आणि १९ बंदूकवाले मेले, विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या प्रवासी विमानालाही गोळ्या लागल्या. मग अमेरिकेच्या ताब्यात दिला, आणि २०२५ मध्ये शिकागोच्या कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला.

झालं ना न्यायाचं काम? तर नाही. जुलै २०२४ मध्ये चापोच्याच सिनालोआ कार्टेलचा, म्हणजे ड्रग टोळीचा, म्हातारा भागीदार 'एल मायो' झांबादा अमेरिकेत, टेक्सासच्या एल पासो शहराजवळ न्यू मेक्सिको राज्यात विमानातून उतरला आणि पकडला गेला, सोबत चापोचाच दुसरा मुलगा. मायोचं म्हणणं, ह्या पोराने मला फसवून पळवून आणलं. सप्टेंबरपासून कुलियाकानमध्ये मायोची माणसं विरुद्ध चापोची पोरं असं युद्ध पेटलं, शाळा बंद, दुकानं बंद, रोज प्रेतं. दोन्ही बाजूचे मालक अमेरिकेच्या जेलमध्ये आणि मरतायत इकडे टॅक्सीवाले नि कॉलेजची पोरं.

नव्वदच्या दशकात मुंबईत पोलिसांनी ठोकले आणि टोळ्या गप्प झाल्या. मेक्सिकोने तेच करावं. मानवाधिकारवाल्यांना कशाला भ्यायचं?
— व्यापारी, नवी मुंबई

शेठ, त्यांनी तेच केलं हो. डिसेंबर २००६ मध्ये फेलिपे काल्देरोन राष्ट्राध्यक्ष झाले आणि दहा-बारा दिवसांत मिचोआकान राज्यात हजारो सैनिक उतरवले. नंतर ३७ मोठ्या डॉनांची यादी जाहीर केली आणि त्यांची मुदत संपेपर्यंत त्यातले २५ मेले तरी किंवा आत तरी गेले. कुठल्याही पोलीस खात्याने फ्रेम करून लावावा असा रिझल्ट. पण खुनांचा आकडा बघा. २००७ मध्ये वर्षाला ९ हजारांच्या आत होता, २०११ मध्ये २७ हजारांच्या घरात, आणि पुढे २०१८, २०१९ ला तर ३० हजारांच्या वर. बेपत्ता लोकांची सरकारी नोंद २०२२ मध्येच १ लाखाच्या पुढे गेली, आया हातात फावडं घेऊन माळरानावर मुलांची हाडं शोधत फिरतात.

असं का, तर एक मोठा गेला की त्याच्या हाताखालचे चार जण गादीसाठी भांडतात, आणि ह्या चौघांकडे म्हाताऱ्यासारखी ओळखीपाळखी नसते, त्यांच्याकडे फक्त बंदूक असते. मोठा माल पाठवायची ऐपत नसलेली टोळी मग गावातच वसुली सुरू करते. तिकडे त्याला 'पिसो' म्हणतात, आपल्याकडे हप्ता. मिचोआकानमध्ये लिंबूवाल्याकडून किलोमागे, अ‍ॅव्होकाडोवाल्याकडून पेटीमागे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या लिंबू उत्पादकांच्या एका पुढाऱ्याला ह्याविरुद्ध बोलला म्हणून मारलं, आणि पुढच्याच महिन्याच्या १ तारखेला उरुआपानच्या महापौराला भर चौकात, सणाच्या गर्दीत.

आणि ठोकणारे कोण होते तेही बघा. झेटास नावाची सगळ्यात क्रूर टोळी लष्कराच्या स्पेशल फोर्समधून पळालेल्या सैनिकांनी उभी केली, म्हणजे ट्रेनिंग सरकारी खर्चाने. आणि काल्देरोनच्या ह्या सगळ्या लढाईचा सेनापती, सुरक्षामंत्री गार्सिया लूना, सिनालोआ कार्टेलकडून लाच खात होता! २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने त्याला दोषी धरलं आणि पुढच्या वर्षी ३८ वर्षांची शिक्षा झाली. शेठ, विचार करा, लढाई चालवणाराच एका पार्टीचा माणूस, मग धरले कोण जाणार आणि मोकळे कोण राहणार.

मुंबईचं म्हणाल तर तुम्ही व्यापारी आहात, तुम्हाला आठवत असेल, सोन्याची स्मगलिंग नुसत्या गोळीने नाही बसली. १९९० मध्ये गोल्ड कंट्रोल कायदा गेला, पाठोपाठ आयात खुली झाली, आणि डोंगीतून बिस्किटं आणण्यात पूर्वीची मजा उरली नाही. धंद्यातला नफा आटला की भाईगिरी आपोआप पातळ होते. मेक्सिकोत नफा आटत नाहीये, कारण गिऱ्हाईक शेजारीच बसलंय आणि त्याच्या खिशात डॉलर आहेत.

(एल साल्वादोरचे राष्ट्राध्यक्ष बुकेले यांचं उदाहरण देणारी तब्बल सात पत्रं आहेत. त्यांनी २०२२ पासून ८० हजारांहून जास्त लोक आत टाकले, खून खरंच खूप कमी झाले, आणि त्यात निरपराधही अडकलेत. पण ते गल्लीतले हप्तेखोर होते हो, कपाळावर गोंदवून फिरणारे. कंटेनर भरून माल पाठवणारा माणूस कपाळावर काही गोंदवत नाही.)

आम्ही ह्यूस्टनला असतो. मुलगा यंदा कॉलेज हॉस्टेलला गेला. फेंटानिलच्या बातम्या वाचून झोप लागत नाही. सीमेवर भिंत पूर्ण झाली की हे थांबेल का?
— एक आई, टेक्सास

ताई, भिंतीचं आधी सांगतो, नाही थांबणार. फेंटानिल म्हणजे लॅबमध्ये बनणारं नशेचं औषध, ते हेरॉइनच्या साधारण ५० पट तेज असतं, २ मिलिग्रॅम जिवावर बेतू शकतं, म्हणजे मिठाचे थोडेसे कण. इतकी छोटी वस्तू पाठीवर घेऊन वाळवंटातून चालत कोण नेईल? पकडलेला बराचसा माल रीतसर नाक्यावर, गाडीच्या दारात नाहीतर टाकीत सापडतो आणि चालवणारा बऱ्याचदा अमेरिकन नागरिकच असतो. आता काय बोलणार.

उलट्या दिशेने काय जातं ते मात्र तिकडच्या टीव्हीवर कमी दिसतं. मेक्सिकोत बंदूक विकणारी कायदेशीर दुकानं अख्ख्या देशात दोन, तीही लष्कराची. मग कुलियाकानच्या ट्रकवर ती शस्त्रं आली कुठून? गुन्ह्यांत सापडलेल्या ज्या बंदुकांचा माग लागतो त्यातल्या बहुतेक अमेरिकेतून येतात, त्यातही तुमच्या टेक्सासमधून पुष्कळ. मेक्सिकोने अमेरिकन बंदूक कंपन्यांवर केस केली होती, २०२५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सगळ्या न्यायाधीशांच्या एकमताने ती फेटाळली.

आणि पैसा! २०१२ मध्ये एचएसबीसी बँकेने कार्टेलचा पैसा धुतला गेल्याबद्दल १.९ अब्ज डॉलर भरून केस मिटवली. मेक्सिकोतल्या शाखांमध्ये कॅश भरायला येणारे लोक खिडकीच्या मापाचे खास खोके बनवून आणायचे, असं अमेरिकी सरकारनेच सांगितलं. माझा एक मित्र बँकेत कॅशियर होता, त्याला हे सांगितलं तर म्हणाला, आमच्याकडे फाटकी नोट आणली तर आम्ही गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारतो. त्या प्रकरणात बँकेचा एकही मोठा अधिकारी जेलमध्ये गेला नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने ह्या कार्टेलांना दहशतवादी संघटना ठरवलं आणि सप्टेंबरपासून कॅरिबियन समुद्रात बोटी उडवायला सुरुवात केली. टीव्हीवर बोट उडताना छान दिसते, पण फेंटानिल त्या बाजूने येतच नाही, ते मेक्सिकोतून जमिनीवरून येतं.

आता मुलाचं. त्याला एवढंच सांगा की मित्राने दिलेली झोपेची, टेन्शनची, अभ्यासाची कुठलीही सुटी गोळी घ्यायची नाही, कारण हुबेहूब औषधासारख्या दिसणाऱ्या गोळ्यांत फेंटानिल घातलेलं असतं. फेंटानिलचा ओव्हरडोस उतरवणाऱ्या नालोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे २०२३ पासून तिकडे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो, तो खोलीत ठेवायला द्या, त्याला नाही लागला तर रूममेटला लागेल. अमेरिकेत ओव्हरडोसचे मृत्यू वर्षाला १ लाखाच्या वर गेले होते, २०२४ मध्ये ते ८० हजारांच्या आसपास आले, आणि त्यात ह्या स्प्रेचाही हात आहे असं बरेच जाणकार मानतात.

मी एमआयडीसीत केमिकल प्लांटवर सुपरवायझर आहे. २०२४ मध्ये कुरकुंभला धाड पडल्यापासून नातेवाईक गमतीने मला 'एमडी' म्हणतात. मेक्सिकोशी आमचा काय संबंध?
— दौंड परिसर

मला वाटतं आजच्या सगळ्या पत्रांत हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी पुणे, कुरकुंभ आणि दिल्ली मिळून १७०० किलोच्या वर मेफेड्रोन, म्हणजेच एमडी, पकडलं. अफूला शेत लागतं, पाऊस लागतो. तालिबानने २०२२ मध्ये बंदी घातली आणि पुढच्या वर्षी अफगाणिस्तानातली लागवड ९५ टक्के घसरली, म्हणजे शेत बंद करता येतं. एमडीला, मेथला, फेंटानिलला शेत लागतच नाही, रिअ‍ॅक्टर लागतो, ड्रम लागतात आणि बीएस्सी केमिस्ट्री झालेला एक बेकार पोरगा लागतो.

चीनने २०१९ मध्ये फेंटानिलच्या सगळ्या प्रकारांवर बंदी घातली तर तिकडच्या लोकांनी तयार माल बंद करून कच्चा माल मेक्सिकोला पाठवायला सुरुवात केली. चीनवर नजर वाढली की गिऱ्हाईक दुसरं दुकान बघणारच, आणि औषधांच्या केमिकलचं दुसरं मोठं दुकान आपलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने गुजरातमधल्या दोन केमिकल कंपन्यांवर गुन्हा दाखल केला, आरोप असा की फेंटानिलचा कच्चा माल व्हिटॅमिन सी वगैरे लेबल लावून अमेरिका आणि मेक्सिकोला पाठवला. त्याच्याही आधी २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापुरातून टनांनी एफेड्रिन पकडलं होतं, ते केनियात नेऊन मेथ बनवायचा बेत होता असा आरोप.

त्यामुळे आपल्या सरकारने काय करावं असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, नाक्यावर पुडीवाल्या पोराचा फोटो पेपरात देण्याआधी केमिकलच्या बिलांकडे बघा. कुठल्या युनिटने किती कच्चा माल उचलला आणि त्यातून तयार माल किती निघाला, हा हिशोब कुठलाही अकाउंटंट एका दुपारी लावून देईल. बंद पडलेल्या युनिटचं लाइट बिल अचानक का वाढलं? रात्रपाळीला फक्त मालकाची दोनच माणसं का? हे तुम्हाला दिसतं, इन्स्पेक्टरला नाही. १९३३ हा नार्कोटिक्सवाल्यांचा टोल-फ्री नंबर आहे, तिथे नाव न सांगता कळवता येतं. फक्त कंपनीच्या फोनवरून करू नका.

सरळ सगळं लीगल करून टाका ना, विषय संपला.
— कॉलेज स्टुडंट, पुणे

नाही संपत रे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत गांजा लीगल झाला, मेक्सिकन गांजाचं मार्केट बसलं, आणि कार्टेल हेरॉइन, मेथ आणि फेंटानिलकडे वळले. पोर्तुगालने २००१ मध्ये जे केलं ते लीगल करणं नव्हतं, दहा दिवस पुरेल इतकं स्वतःपुरतं सापडलं तर जेलऐवजी समितीपुढे आणि उपचाराकडे, विकणारा मात्र आतच. ओरेगनने २०२० मध्ये त्यातला सोपा अर्धा भाग घेतला, उपचार केंद्रं वेळेत उभी राहिली नाहीत, आणि २०२४ मध्ये माल जवळ बाळगणं परत गुन्हा ठरवावं लागलं.

मुलाच्या बॅगेत पुडी सापडली. वय १९. पोलिसांत गेले तर त्यालाच धरतील का? घरात कोणाला सांगितलेलं नाही.
— सांगली जिल्हा

ताई, तुमचं पत्र शेवटी ठेवलंय पण वाचलं सगळ्यात आधी. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात ६४अ नावाचं कलम आहे. व्यसनी माणूस थोड्या प्रमाणातल्या मालासह सापडला आणि स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला तर त्याच्यावर खटला चालत नाही, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. एमडीसाठी हे थोडं प्रमाण म्हणजे २ ग्रॅम, त्यामुळे पुडी घरात जपून ठेवू नका आणि मुलाला ती घेऊन बाहेरही पाठवू नका. आधी जिल्हा सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत जा, मुलाला सोबत नेता आलं तर उत्तम, नाहीतर एकट्या जा. एका वकिलाला पण विचारून ठेवा. आणि त्याच्या मोबाइलमध्ये त्या पुडीवाल्याचा नंबर सापडेल, त्याला फोन करून शिव्या द्याव्याशा वाटतील, तो फोन करू नका, नंबर फक्त लिहून ठेवा. पुढे काय झालं ते कळवा, छापणार नाही.