वाचकांचे प्रश्न : शुक्रवार ते रविवार, एकच सामना

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि मुलांकडे तेथे जाऊन-येऊन असणाऱ्या वाचकांनी बेसबॉलविषयी पाठवलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. चारही पत्रांचा विषय बोस्टन रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क यांकीज यांच्यातील लढती हाच आहे.

प्रश्न : मी मॅसॅच्युसेट्समधील श्रूझबरी येथे राहतो. क्रिकेटवर वाढलो, पण आता रेड सॉक्सचा कट्टर चाहता आहे. यांकीजचा संघ शुक्रवार ते रविवार फेनवे पार्कवर, म्हणजे रेड सॉक्सच्या घरच्या मैदानावर, खेळायला आला, की त्या तीन दिवसांत मी दुसरे काहीही ठरवत नाही. पत्नीच्या मते १६२ सामन्यांच्या हंगामात तीन सामन्यांचे इतके कौतुक करणे हा निव्वळ हट्ट आहे. खेळाच्या हिशेबाने तिचे बरोबर आहे का?

उत्तर : वरकरणी त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. हे दोन्ही संघ बेसबॉलच्या दोन लीगपैकी अमेरिकन लीगच्या पूर्व विभागात आहेत. २०२३ पासूनच्या वेळापत्रकानुसार एकाच विभागातील दोन संघ हंगामात परस्परांशी १३ सामने खेळतात. त्यापूर्वी काही वर्षे ते १९ सामने खेळत असत. १६२ पैकी १३ म्हणजे जेमतेम आठ टक्के. मात्र क्रमवारीवर या सामन्यांचा परिणाम इतरांहून अधिक होतो. रेड सॉक्सने तिसऱ्याच एखाद्या संघाला हरवले आणि त्याच दिवशी यांकीजनेही आपला सामना जिंकला, तर दोघांमधील अंतर जसेच्या तसे राहते. आमनेसामने आल्यावर मात्र एकाचा विजय हाच दुसऱ्याचा पराभव असल्यामुळे प्रत्येक निकालासरशी ते अंतर पूर्ण एका सामन्याने बदलते. शुक्रवारी सकाळी दोन सामन्यांनी मागे असलेला संघ तिन्ही लढती जिंकला, तर रविवारी रात्री तो एका सामन्याने पुढे असतो आणि तिन्ही हरला, तर पाच सामन्यांनी मागे पडतो. शिवाय २०२२ पासून हंगामाअखेरची बरोबरी सोडवण्यासाठी जादा सामना खेळवला जात नाही, तर दोघांच्या परस्परांमधील लढतींचा हिशेब आधी पाहिला जातो. त्यामुळे मे महिन्यातील एखादा कंटाळवाणा वाटणारा शनिवारही सप्टेंबरच्या अखेरीस निर्णायक ठरू शकतो.

इतिहासही तुमच्याच बाजूने साक्ष देतो. १९७८ च्या जुलै महिन्यात यांकीज रेड सॉक्सच्या तब्बल १४ सामने मागे होते. ७ सप्टेंबरच्या गुरुवारी ते फेनवेवर उतरले, तेव्हा हे अंतर चारवर आले होते, आणि रविवारी ते परत निघाले तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. त्या चार सामन्यांत यांकीजने १५-३, १३-२, ७-० आणि ७-४ असे विजय मिळवले, म्हणजे एकूण ४२ धावा केल्या आणि अवघ्या ९ दिल्या. तो हंगाम बरोबरीत संपल्यामुळे २ ऑक्टोबरला फेनवेवरच एक जादा सामना झाला. त्यात फटकेबाज म्हणून कधीच ओळखला न गेलेल्या बकी डेंट याने तीन धावांचा होम रन (चेंडू थेट सीमेबाहेर धाडणारा फटका) मारला आणि यांकीज ५-४ ने जिंकले. बोस्टनमध्ये त्याचे नाव आजही मध्ये एक शिवी घालूनच घेतले जाते.

२००६ च्या ऑगस्टमध्येही असेच झाले. शुक्रवारच्या दोन सामन्यांसह सोमवारपर्यंत चाललेल्या पाचही लढती यांकीजने फेनवेवर जिंकल्या आणि दीड सामन्याची त्यांची आघाडी साडेसहांवर गेली. आपल्याला बोस्टनकराचे मन राखायचे असल्यामुळे हेही नोंदवतो, की २०१८ च्या ऑगस्टमध्ये रेड सॉक्सने त्याच मैदानावर गुरुवार ते रविवार चारही सामने जिंकून त्याची परतफेड केली. पहिल्या दिवशी स्टीव्ह पीअर्सने तीन होम रन मारले, दुसऱ्या दिवशी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, रिक पोर्सेलो याने यांकीजच्या बॅटरना संपूर्ण सामन्यात एकच हिट (यशस्वी फटका) मिळू दिला, आणि रविवारची लढत नेहमीच्या नऊ इनिंगमध्ये न सुटता दहाव्या इनिंगमध्ये ५-४ अशी संपली. रेड सॉक्सने त्या हंगामात १०८ सामने जिंकले आणि पुढे वर्ल्ड सीरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिकाही जिंकली.

या सर्वांहून मला १९४९ मधील हंगामाचा शेवटचा शनिवार-रविवार अधिक थरारक वाटतो. केवळ दोन सामने उरले होते, रेड सॉक्स एका सामन्याने पुढे होते आणि न्यूयॉर्कमध्ये जाऊन त्यांना दोहोंपैकी फक्त एक जिंकायचा होता. शनिवारी त्यांनी ४-० अशी आघाडीही घेतली होती. तो सामना ते ५-४ ने हरले आणि रविवारचा ५-३ ने. सहा महिन्यांची मेहनत दोन दुपारांत वाया गेली. तेव्हा आपण त्या तीन दिवसांत दुसरे काही ठरवत नाही, यात हट्ट असला तरी तो हिशेबाला धरून आहे, असे पत्नीस निःसंकोच सांगावे.

प्रश्न : मुलाने बोस्टनला बोलावले आहे आणि रेड सॉक्स-यांकीज मालिकेच्या तिन्ही दिवसांची तिकिटे काढून ठेवली आहेत. मी पुण्यात कसोटी सामने पाहिले आहेत, बेसबॉलचे नियम मात्र जुजबीच माहीत आहेत. सलग तीन दिवस तोच खेळ पाहताना कंटाळा येऊ नये म्हणून कशाकडे लक्ष द्यावे?

उत्तर : आपण कसोटी पाहिलेली आहे, हेच आपले भांडवल. पहिल्या दिवशी दमवलेला गोलंदाज तिसऱ्या दिवशी कामाला येत नाही, हे आपल्याला समजावून सांगावे लागणार नाही, आणि बेसबॉलच्या मालिकेचे मर्म नेमके तेथेच आहे. कागदावर हे तीन स्वतंत्र सामने असतात, प्रत्येकाचा निकाल वेगळा लागतो. परंतु चेंडू टाकणाऱ्यांच्या दृष्टीने पाहिले तर शुक्रवारी सुरू झालेला तो एकच सामना रविवारपर्यंत चालू असतो.

प्रत्येक संघाकडे सामना सुरू करणारे साधारण पाच पिचर असतात आणि त्यांची पाळी पाच-सहा दिवसांनी येते, म्हणून तिन्ही दिवशी आपल्याला निराळा पिचर सुरुवात करताना दिसेल. तो पाच-सहा इनिंग टाकून निघून गेला, की उरलेल्या इनिंग बुलपेनमधील, म्हणजे राखीव, पिचर वाटून घेतात. या मंडळींना लागोपाठ तिसऱ्या दिवशी सहसा उतरवत नाहीत. शुक्रवारी सुरुवातीच्या पिचरची धुलाई होऊन तो तिसऱ्याच इनिंगमध्ये बाहेर गेला, तर त्या रात्री बुलपेनवर पडलेला भार रविवारच्या आठव्या इनिंगमध्ये दिसतो. शेवटची इनिंग राखणारा क्लोजर शुक्रवारी आणि शनिवारी वापरला गेला असेल, तर रविवारी एका धावेची आघाडी कोणाच्या हाती द्यायची, ही मॅनेजरची खरी परीक्षा असते. आपण वहीत केवळ एवढेच टिपावे, की कोणत्या पिचरने कोणत्या दिवशी किती चेंडू टाकले. रविवारी दुपारी ती वही शेजारच्या अनुभवी प्रेक्षकालाही उपयोगी पडेल.

याचे सर्वात बोलके उदाहरण २००४ च्या ऑक्टोबरमधील आहे. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत यांकीजने शनिवारी फेनवेवर रेड सॉक्सला १९-८ असे चिरडले आणि सात सामन्यांच्या मालिकेत ३-० अशी आघाडी घेतली. त्या हरलेल्या सामन्यात टिम वेकफील्ड स्वतःहून बुलपेनमधून पुढे आला आणि त्याने तीनहून अधिक इनिंग टाकल्या. दुसऱ्या दिवशीचा सामना सुरू करण्याचा मान त्याचा होता. तो त्याने सोडला, तो इतर पिचरचे हात शाबूत राहावेत म्हणून. रविवारी नवव्या इनिंगपर्यंत रेड सॉक्स ४-३ ने मागे होते आणि समोर मरियानो रिव्हेरा, म्हणजे क्लोजरमधील सर्वश्रेष्ठ. केव्हिन मिलारला वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे फुकटचा पहिला बेस) मिळाला, त्याच्या जागी पळण्यासाठी आलेल्या डेव्ह रॉबर्ट्सने, सर्वांना अपेक्षित असतानाही, फटक्याची वाट न पाहता धावून दुसरा बेस चोरला आणि बिल म्युलरच्या फटक्यावर तो घरी येऊन बरोबरीची धाव झाली. बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझच्या होम रनने सामना संपला, तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

त्या रात्री दोन इनिंग टाकलेल्या रिव्हेराला सोमवारी पुन्हा आठव्या इनिंगमध्ये पाचारण करावे लागले आणि बरोबरी त्याला रोखता आली नाही. तो सामना चौदाव्या इनिंगपर्यंत लांबला. अखेरच्या तीन इनिंग यांकीजला एकही धाव न देता कोणी टाकल्या, तर वेकफील्डनेच, आणि विजयही त्याच्याच नावे लागला. पुढचे दोन सामनेही जिंकून ३-० ने मागे पडल्यावर अशी सात सामन्यांची मालिका जिंकणारा रेड सॉक्स हा बेसबॉलच्या इतिहासातील पहिला संघ ठरला. ऑर्टिझचे कौतुक सर्वत्र होते. माझ्या मते त्या चार विजयांचा पाया १९-८ च्या पराभवात घातला गेला, जेव्हा निम्मे प्रेक्षक घरी निघाले असतील.

वेळेची चिंता करू नये. २०२३ पासून पिचरला ठरावीक सेकंदांत चेंडू टाकावा लागतो, त्यामुळे सामना बहुधा पावणेतीन तासांच्या आत आटोपतो. मैदानही पाहण्यासारखे आहे. फेनवे पार्क १९१२ पासून वापरात आहे आणि त्याच्या डाव्या बाजूची ३७ फूट उंच हिरवी भिंत खेळाचे गणितच बदलते. अन्यत्र सहज झेल ठरणारा उंच फटका येथे भिंतीवर आदळतो आणि अन्यत्र होम रन ठरेल असा सपाट, वेगवान फटका भिंतीला लागून मैदानातच परत येतो. यांकीजच्या डावऱ्या बॅटरना आपल्या घरच्या मैदानावर उजवीकडची सीमा जवळ मिळते, ती सवलत त्यांना येथे मिळत नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील एडिसनचे. मुलगा लहानपणापासून यांकीजचा, सून बोस्टनची आणि रेड सॉक्सची. मालिकेच्या दिवसांत घरात चक्क दोन टीव्ही लागतात. हे वैर एवढे जुने का आहे, आणि सुनेच्या माहेरी गेल्यावर मुलाने यांकीजची टोपी घालून फेनवेवर जावे का?

उत्तर : वैराचा आरंभ सहसा १९१९ च्या डिसेंबरमध्ये धरतात. रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथ या नामांकित खेळाडूला यांकीजना विकले. ही बातमी जानेवारी १९२० मध्ये जाहीर झाली. तोपर्यंत पाच वेळा वर्ल्ड सीरीज जिंकलेल्या बोस्टनला १९१८ नंतरचे पुढचे विजेतेपद थेट २००४ मध्ये मिळाले आणि तोपर्यंत एकही विजेतेपद नसलेल्या यांकीजने मधल्या काळात २६ मिळवली. यावरून शापाची जी कथा रचली गेली, ती मला आळशीपणाची वाटते. ८६ वर्षांत बोस्टनच्या व्यवस्थापनाने केलेल्या चुका त्या एका शब्दाखाली झाकल्या जातात. कृष्णवर्णीय खेळाडू संघात घेण्यास रेड सॉक्स सर्वांच्या शेवटी, १९५९ मध्ये राजी झाले. त्यात शापाचा काय संबंध? वैर टिकले ते एकाच विभागात असल्यामुळे, दोन्ही शहरे गाडीने चार-पाच तासांवर असल्यामुळे आणि मधल्या कनेक्टिकट राज्यात दोन्ही संघांचे चाहते शेजारीशेजारी राहत असल्यामुळे.

आपल्या घरासारखी घरे या इतिहासात आहेत. वर उल्लेख केलेल्या १९४९ च्या शेवटच्या शनिवारी यांकी स्टेडियममध्ये यांकीजच्या जो डिमॅजिओ याचा सत्कार होता, आणि त्याच दिवशी समोरच्या संघातून त्याचा सख्खा धाकटा भाऊ डॉम खेळत होता. आई सत्काराला हजर होती.

टोपी अवश्य घालावी. टोमणे ऐकावे लागतील, त्यांना हसून उत्तर द्यावे. त्याबाबत रिव्हेराचा धडा गिरवण्यासारखा आहे. २००५ च्या एप्रिलमध्ये फेनवेवर विजेतेपदाच्या अंगठ्या वाटल्या गेल्या, तेव्हा यांकीजच्या खेळाडूंची नावे पुकारली जात असताना रिव्हेराच्या नावाला प्रेक्षकांनी सर्वांत मोठा टाळ्यांचा कडकडाट केला, अर्थातच खिजवण्यासाठी. तो मनापासून हसला आणि टोपी उंचावून त्याने ते अभिवादन स्वीकारले. आणि सुनेला हेही सांगावे, की २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनवरील बॉम्बहल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी यांकी स्टेडियममध्ये ‘स्वीट कॅरोलाइन’ हे तेच गाणे लावले गेले, जे फेनवेवर आठव्या इनिंगच्या मध्यात सारे प्रेक्षक एका सुरात गातात.

२०२५ ची वाइल्ड कार्ड मालिका, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीची पहिली पायरी, यांकीजने रेड सॉक्सविरुद्ध २-१ ने जिंकली, तिचा विषय माहेरच्या जेवणावर काढू नये.

प्रश्न : शनिवारचा सामना पावसाने झालाच नाही, तर तिकीट वाया जाते का?

उत्तर : नाही. रद्द झालेला सामना पुढे खेळवला जातो, बहुधा त्याच मालिकेत किंवा पाहुणा संघ पुन्हा येईल तेव्हा एका दिवशी दोन सामने ठेवून, आणि मूळ तिकीट त्या नव्या वेळेसाठी चालते. मात्र दुपारचा आणि रात्रीचा असे दोन वेगळे सामने ठेवल्यास तिकीट त्यांपैकी एकाच सामन्याला लागू असते, म्हणून कोणत्या, हे आधी पाहून घ्यावे. असे दोन सामने झाले, की बुलपेनची दुप्पट ओढाताण होते. वही नेली असेल तर ती त्या दिवशी विसरू नये.