8055 चा ‘बॉस’ करण्याआधी

भावा, गाडीला नंबर हवा तो घे, पण पाटीवरची अक्षरं नियमातलीच ठेव. 8055 वळवून ‘बॉस’ किंवा 214 चा ‘राम’ केलास की पावती फाटणारच. देवनागरी आकडेही चालत नाहीत. हौसच असेल तर आरटीओत चॉइस नंबरचं शुल्क भर. एकाच नंबरासाठी दोन अर्ज आले की लिलाव, म्हणून आधी खिसा चाचपून बघ. 0001 चं नावच काढू नकोस: 2024 च्या दरवाढीपासून पुण्या-मुंबईत चारचाकीला 6 लाख, तेही लिलाव न होता!

पाटी मात्र एचएसआरपीच, म्हणजे सरकारमान्य हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. एप्रिल 2019 आधीची दुचाकी असेल तर 450 रुपये, कारला 745, वर जीएसटी. रेडियमवाल्याची ‘सेम टू सेम’ पाटी घेऊ नकोस; लेझरने कोरलेला पाटीचा स्वतःचा ओळख क्रमांक तिच्यावर नसतो.