सावित्रीबाईंचे आयुष्य त्यांच्याच लेखनातून समजून घ्यायचे असेल तर सुरुवात कोठून करावी?

पत्रांपासून करावी, असे माझे मत आहे. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा आणि १८५४ सालचा ‘काव्यफुले’ हा संग्रह बहुतेकांना ठाऊक असतो. जोतीरावांना लिहिलेली त्यांची तीन पत्रे मात्र, माझ्या अनुभवात, फारशी वाचली जात नाहीत. १८६८ च्या पत्रात त्यांनी नायगावहून कळवले आहे की, एक ब्राह्मण तरुण व एक महार तरुणी यांच्या प्रेमसंबंधामुळे गावकरी दोघांना मारायला निघाले असता त्यांनी इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक दाखवून त्यांचे प्राण वाचवले. १८७७ चे पत्र जुन्नरजवळच्या ओतूर येथून लिहिलेले असून, त्यात पाण्यावाचून सुकलेली शेते, गाव सोडून चाललेली माणसे, सावकारांची पिळवणूक आणि दुष्काळग्रस्तांसाठी सत्यशोधकांनी केलेले काम यांचे वर्णन आहे. आम्ही बीड जिल्ह्यातले लोक, ऊसतोडणीसाठी आईवडिलांबरोबर निघालेल्या मुलींची शाळा सुटताना दरवर्षी पाहणारे, हे पत्र वाचताना थांबल्याशिवाय राहत नाही. पुढे वीस वर्षांनी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने त्यांचे निधन झाले.