जनावरांच्या खुरांनी तळ्याचा पाझर थांबतो का?

तळ्यात पाणी थांबत नाही, प्लास्टिकचा कागद अंथरायचा नाही, मग गुरं सोडून तळ तुडवून घेतला तर चालेल का, असं विचारलंय. चालतं, पण मातीत चिकण हवी. नुसत्या वाळूवर किंवा मुरमावर कितीही नाचवा, पाणी जाणारच. ओली माती मळून अंगठ्यानं बोटावर दाबत पट्टी काढा. ५ सेंमीपर्यंत न तुटता लोंबली तर कामाची. २ सेंमीच्या आत तुटत असेल तर चिकणमाती बाहेरून आणा.

मुळं आणि दगड काढा. काठाचा उतार १ उंचीला ३ आडवा ठेवा. याहून उभा काठ जनावर तुडवत नाही, ढासळवतं.

सगळ्यात जास्त फसतं ते थराच्या जाडीत. खुराचा दाब जेमतेम १०-१५ सेंमी खोल पोचतो. ढीगभर माती एकदम पसरली की वर घट्ट साय येते आणि खाली पोकळच राहतं. म्हणून सैल माती १५ सेंमीच टाका, तुडवून घ्या, वरचा पापुद्रा खरवडा आणि मगच पुढचा थर द्या, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. दबून एकूण ३० सेंमी भरेपर्यंत हेच.

ओल वाफशापेक्षा (पेरणीजोग्या ओलीपेक्षा) किंचित जास्त हवी. कोरडी असली तर ढेकळं तशीच राहतात. रबरबीत झाली तर पाय रुतून भोकं पडतात आणि वाळताना भेगा जातात.

मेंढ्या चांगल्या, लहान खूर आणि नेमका दाब. माती दाबायचा शीपफूट रोलर त्यांच्यावरूनच निघाला. संपूर्ण तळ्यात मोकळं सोडू नका, त्या एकाच वाटेनं फिरतात. जाळीनं तुकडे पाडून दाटीनं कोंडा आणि खाद्य विखरून टाका. खूर रुतायचं थांबलं की पुढचा तुकडा. काड्या-चाऱ्याचे उरलेले थर मात्र उचला, मातीत कुजून पोकळी करतात.

काम संपलं की लगेच पाणी भरा. तळ उघडा वाळला तर तडकतो, काळी माती तर हमखास. यानंतर जनावरं आत नकोत, तीच कडा फोडतील. पाणी बाहेर हौदात द्या.

पाझर मोजायला पाण्यानं भरलेली बादली तळ्यातच कडेला दगडांवर ठेवा. बादलीतलं पाणी फक्त वाफ होऊन कमी होतं, म्हणून तळ्याची पातळी त्यापेक्षा जितकी जास्त उतरेल, तितकं पाणी अजून मुरतंय.