डिकीची वॉरंटी आणि कंसातलं वाक्य

प्रश्न : वकीलसाहेब, मी कोल्हापूरला शिक्षिका आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये पुण्याच्या शोरूममधून 9 लाख 40 हजारांची हॅचबॅक घेतली. वॉरंटी तीन वर्षांची. या जुलैपासून डिकी उघडतच नाही. नंबर प्लेटच्या वरचं रबरी बटण दाबलं तर काहीच होत नाही, रिमोट दाबला की पुढे डॅशबोर्डात नुसतं ‘टक्’ होतं. डिकीला चावीचं भोक नाही. सासूबाईंची घडीची व्हीलचेअर आत अडकली आहे. इथल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी देऊन 19 दिवस झाले. ते म्हणतात, तुम्ही बाहेरून रिव्हर्स कॅमेरा बसवला, वायरिंगला हात लावला, म्हणून वॉरंटी गेली. हार्नेस (तारांचा जुडगा) आणि लॉक मिळून 38,600 रुपये. मी नको म्हटलं तर तपासणीचे 3,500 आणि रोजचे 500 पार्किंग भरा, मगच गाडी न्या म्हणतात. (तसं पहिल्या पावसाळ्यातही, ऑगस्ट 2024 च्या फ्री सर्व्हिसला, डिकी अडकते असं सांगितलं होतं, त्यांनी काहीतरी फवारून दिलं. कॅमेरा आम्ही त्यानंतर दिवाळीत बसवला.) भाचा म्हणतो, प्रॉडक्ट लायबिलिटीखाली (सदोष मालाने झालेल्या हानीची भरपाई) दहा लाख मागा. नवी गाडी मिळेल का? पोलिसांत जाऊ का? आणि तो कॅमेरा आता काढून टाकू का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. त्याच्याकडे येतोच, पण आधी व्हीलचेअर.

गाडी दुरुस्तीला दिली की सर्व्हिस सेंटर कायद्याने तिचा राखणदार होतो. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 170 प्रमाणे त्याने त्या वस्तूवर कष्ट आणि कौशल्य खर्च केलं असेल, तर त्याचा मोबदला मिळेपर्यंत तो ती वस्तू अडवून ठेवू शकतो. व्हीलचेअरवर त्यांनी काडीचं काम केलेलं नाही. तेव्हा ती अडवायचा त्यांना हक्क नाही. ईमेलने दोन ओळी लिहा की अमुक तारखेला अकरा वाजता मी व्हीलचेअर न्यायला येते, डिकी माझ्यासमोर आतून उघडून द्या. बहुतेक हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडली की डिकीच्या दाराला आतून, खाली मध्यभागी, प्लॅस्टिकचं छोटं टोपण दिसतं. ते काढून स्क्रू ड्रायव्हरने आतला खटका सरकवला की दार उघडतं. पाच मिनिटांचं काम आहे, त्यांच्या मेकॅनिकला ते तोंडपाठ असतं. तुम्ही स्वतः करू नका, त्यांनाच करू द्या आणि फोनवर चित्रीकरण करा. उद्या ‘बाईंनीच लॉक तोडलं’ हे ऐकायला नको.

गाडीबद्दल थोडा व्यवहार बघा. दुरुस्ती तुम्ही मंजूरच केलेली नाही, त्यामुळे 38,600 साठी गाडी अडवता येत नाही. तपासणीचे 3,500 मात्र वादाचे आहेत. गाडी देताना जॉब कार्डावर (गाडी घेताना ते कामाची नोंद करतात त्या कागदावर) तपासणी शुल्क लिहून तुमची सही घेतली असेल तर ते मागू शकतात. ते भरून टाका, पण पावतीवर आणि ईमेलमध्ये ‘हरकत नोंदवून भरले’ असं लिहा. पावती नको म्हणू नका. केलेल्या सेवेची पावती न देणं ही ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये अनुचित व्यापारी प्रथा आहे. पार्किंगच्या पाचशेचा करार कुठे झाला ते लेखी विचारा. जॉब कार्डावर नसेल तर तो आकडा काउंटरवर जन्माला आलाय. हे उत्तर येण्याची वाट बघत गाडी तिथे आणखी महिनाभर ठेवू नका. वर्कशॉपमध्ये गाडी असली की पुरावाही त्यांच्याच ताब्यात असतो.

गाडी नेताना तीन कागद मागा: आताचं जॉब कार्ड, स्कॅनरच्या तपासणीची प्रिंट, आणि वॉरंटी का नाकारली त्याचं लेखी कारण. तिसरा कागद ते देणार नाहीत. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणेल, ‘मॅडम, सिस्टिममध्ये रिजेक्ट दाखवतंय.’ मग तुम्हीच ईमेल करा: ‘आज आपण मला तोंडी सांगितलंत की बाहेरून कॅमेरा बसवल्यामुळे संपूर्ण वॉरंटी रद्द झाली आहे. हे चूक असल्यास सात दिवसांत कळवावे.’ उत्तर आलं तरी तुमचा फायदा, नाही आलं तरी तुमचाच.

आता ते कंसातलं वाक्य. ऑगस्ट 2024 मध्ये डिकी अडकत होती आणि कॅमेरा दिवाळीत आला. दुखणं आधीचं, कॅमेरा नंतरचा. ही तारीख कागदावर असेल तर त्यांच्या बचावाची अर्धी हवा तिथेच जाते. म्हणून त्या फ्री सर्व्हिसचं जॉब कार्ड शोधा. तुम्ही सांगितलं असेल ‘पाऊस पडला की डिकी अडकते’ आणि त्यांनी लिहिलं असेल नुसतं ‘डिकी चेक’. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या जॉब कार्डावर ग्राहकाचं वाक्य असं दोन शब्दांत चेपलेलं असतं. तरी चालेल, ‘डिकी’ हा शब्द तिथे हवा. हरवलं असेल तर सर्व्हिस हिस्टरीची प्रत लेखी मागा. गाडीचा नंबर टाकला की त्यांना ती दिसते. त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर काही बोलणं झालं असेल तर तेही जपा.

पण खरं सांगतो, कंपनीचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. बटणाचा संदेश आणि लॉकच्या मोटरचा करंट ज्या तारांतून जातो, त्या गाडीच्या छतातून डिकीच्या दारात एका सुरळीच्या रबरी नळीतून उतरतात. दार दर वेळी उघडताना-मिटताना तारा तिथेच वाकतात आणि बऱ्याचदा तिथेच तुटतात. कॅमेऱ्याची तारही साधारण त्याच नळीतून ओढतात. कुणी घाईने, तार जबरदस्तीने खुपसून काम केलं असेल, तर नुकसान त्यानेही होऊ शकतं. उलट पावसाचं पाणी बटणाच्या आतल्या छोट्या स्विचमध्ये शिरून तो गंजला असेल, तर कॅमेऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. आणखी एक खूण बघा. नंबर प्लेटचा दिवा, मागचा वायपर, काचेवरचा ब्रेक लाइट यांतलं काही त्याच सुमारास बंद पडलंय का? पडलं असेल तर तारांकडे बोट जातं. ते सगळं ठणठणीत असेल तर संशय बटणावर किंवा लॉकच्या मोटरवर. रिमोटवर पुढून ‘टक्’ येतंय, म्हणजे आज्ञा निघते आहे आणि वाटेत किंवा लॉकपाशी अडते आहे. मी वकील आहे, मेकॅनिक नाही. हे सगळं तपासनिसांच्या उलटतपासणीतून शिकलोय. पण हा फरक तुमच्या दाव्याचा कणा आहे, म्हणून इतकं लिहितो.

‘बाहेरून काम केलं म्हणजे सगळी वॉरंटी गेली’ ही भाषा मात्र टिकणारी नाही. 25 ऑगस्ट 2014 च्या आदेशात भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला होता. बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करणारी अट लावू नका, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारा, असा निर्देशही त्यात होता. त्या आदेशाला पुढे आव्हानं दिली गेली, म्हणून तो ब्रह्मवाक्यासारखा फेकू नका. त्यातला तर्क नोटिशीत वापरा. आधी वॉरंटीच्या पुस्तिकेतली अपवादांची यादी नीट वाचा. तिथे ‘बाहेरील फेरबदलांमुळे झालेला बिघाड’ असे शब्द असतील, तर ‘मुळे’ हे त्यांनी दाखवायचं. अपवादाचा आडोसा जो घेतो, तो शाबित करायची जबाबदारीही त्याचीच, असा माझा युक्तिवाद राहील.

नवी गाडी? नाही मिळणार, आणि मागूही नका. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली एका कारच्या क्लचच्या वादात सांगितलं की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं वचन असेल, तर संपूर्ण गाडी बदलून द्यायला लावता येत नाही. तुमचं इंजिन उत्तम चाललंय. अवास्तव मागणीने खरी मागणीही हलकी पडते. भाच्याला नमस्कार सांगा आणि 2019 च्या कायद्यात ‘हानी’ची व्याख्या वाचायला द्या: उत्पादनाचं स्वतःचं नुकसान आणि वॉरंटीच्या शर्तभंगाने झालेलं नुकसान तिथून वगळलंय. डिकीने कुणाचा हात चिरडला असता तर गोष्ट वेगळी. तुमची तक्रार साध्या ‘दोष’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ची आहे. मागणी अशी ठेवा: हार्नेस, स्विच, लॉक यांतलं जे बिघडलंय ते मोफत बदलून द्या, घेतलेले 3,500 परत करा, गाडी अडकली त्या दिवसांचं रिक्षाभाडं आणि व्हीलचेअर भाड्याने आणली असेल तर तो खर्च द्या, आणि मनस्ताप व दाव्याच्या खर्चापोटी बेताची रक्कम. पावत्या फाइलला लावत चला. पोलिसांत जाऊन उपयोग नाही, ‘हा दिवाणी वाद आहे’ एवढंच ऐकून परत याल.

पहिली पायरी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. तिथे निकाल लागत नाही, पण तक्रार कंपनीच्या मुख्य कार्यालयाकडे जाते आणि इतका वेळ बंद असलेल्या ‘सिस्टिम’ला अचानक जाग येते. सोबत पंधरा दिवसांची मुदत देऊन नोटीस स्पीड पोस्टाने पोच घेऊन पाठवा, तीच ईमेलनेही. तरी हलले नाहीत तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. गाडी पुण्याची असली तरी तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. पुण्याच्या खेपा घालायच्या नाहीत. गाडीची किंमत पाच ते दहा लाखांच्या दरम्यान असल्याने फी 200 रुपये. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, वकीलच हवा असंही नाही. कंपनीला उत्तराला 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये पक्कं केलंय. तपासणी लागणाऱ्या प्रकरणात कायदा पाच महिन्यांत निकाल काढायला सांगतो. प्रत्यक्षात त्याहून वेळ लागतो, मनाची तयारी ठेवा.

मुदत दोन वर्षांची. वॉरंटी नाकारली त्या दिवसापासून ती मोजावी असं आपण म्हणू, पण ते म्हणतील पहिली तक्रार ऑगस्ट 2024 ची, तिथून मोजा. ज्या तारखेने आपण जिंकायचं म्हणतोय, तीच मुदतीला अडवी येऊ शकते. म्हणून ऑगस्ट 2026 च्या आत दाखल करायचं असं धरूनच चाला.

सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते) तिघे करा: उत्पादक कंपनी, पुण्याचा डीलर आणि कोल्हापूरचं सर्व्हिस सेंटर. पण प्रत्येकाने काय केलं ते वेगवेगळ्या परिच्छेदात लिहा. गोव्यातल्या एका गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटलं की डीलरच्या प्रत्येक कृत्याला उत्पादक आपोआप जबाबदार ठरत नाही. तेव्हा वॉरंटीचं वचन कंपनीचं, ते नाकारणं आणि गाडी अडवणं सर्व्हिस सेंटरचं, अशी फोड हवी.

आणि शेवटचा प्रश्न. कॅमेरा काढू नका. बाहेरच्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनला ती रबरी नळी उघडू देऊ नका, ‘बघतो जरा’ म्हणाला तरीही. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग ग्राहक कायद्याच्या कलम 38 खाली गाडी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याची फी आधी तुम्हालाच भरावी लागेल. तपासनीस नळी सोलेल तेव्हा कॅमेऱ्याची तार आज आहे तिथेच त्याला दिसली पाहिजे. ती तुटल्या जागेपासून हातभर लांब निघाली तर तुमचं काम झालं. नेमकी तुटल्या जागीच चिमटलेली निघाली, तर आपल्याला तोंड कॅमेरा बसवणाऱ्या दुकानाकडे वळवावं लागेल. त्याने बिल दिलं नसलं तर दिवाळीत यूपीआयने पैसे दिल्याची नोंद बँकेच्या स्टेटमेंटमध्ये सापडेल. तो उतारा आजच काढून त्याच फाइलमध्ये ठेवा.