कायदा-कट्टा : फाशी पक्की कोण करतं?

प्रश्न : वकीलकाका, सारसबागेतल्या आमच्या ग्रुपमध्ये यावरून रोज जुंपते. शिवाजीनगर कोर्टात साक्षीपुरावे होऊन फाशीची शिक्षा झाली, तरी पुन्हा हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट कशाला? पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यातल्यांना १९८३ साली येरवड्यात फाशी दिलीच ना? आणि आरोपीनं अपीलच केलं नाही तर?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : तरीही फाशी देता येत नाही. आरोपी ‘मला नको अपील’ म्हणून बसला तरी सत्र न्यायालयालाच सगळे कागद हायकोर्टात पाठवावे लागतात. तिथे शिक्षा कायम झाल्याशिवाय ती अमलात येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३६६ होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४०७. आम्ही वकील नुसतं ‘कन्फर्मेशन’ म्हणतो. जोशी-अभ्यंकर खटलाही हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट या दोन्ही पायऱ्या चढूनच फासापर्यंत गेला होता, हे ग्रुपमध्ये जरूर सांगा.

हायकोर्टाचं काम शिक्का मारण्याचं नाही. दोन न्यायाधीश पहिल्या पानापासून पुरावा वाचतात, लागला तर आणखी मागवतात. पटला नाही तर आरोपीला सोडूही शकतात.

ज्युनिअर असताना साहेबांनी असंच एक पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या सगळ्या कागदांचा गठ्ठा, माझ्यापुढे टाकलं होतं. साक्षी, पंचनामे, चाकूचा अहवाल, सगळं पानंच्या पानं. शिक्षेवर आरोपीचं म्हणणं मात्र दीड ओळ : ‘आई म्हातारी आहे, दया व्हावी.’ गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही बघा, असं बच्चन सिंग निकालात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं १९८० सालीच बजावलं होतं. दीड ओळीत माणूस कसा दिसणार? सुप्रीम कोर्टाच्याच २०२२च्या मनोज निकालानंतर तुरुंगातली वागणूक, मानसिक तपासणी यांचे अहवाल मागवले जातात. फार उशिरा सुचलं, असं माझं मत.

आता आपल्याच पुण्याचं बघा. पौड फाट्यावरचं १९९४चं हत्याकांड आठवतं? सात जीव गेले. त्यातल्या एका आरोपीची फाशी हायकोर्टानं आणि सुप्रीम कोर्टानं कायम केली, फेरविचार अर्जही फेटाळला. मग राजस्थानातल्या शाळेचा दाखला पुढे आला. गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता, हे सुप्रीम कोर्टानं २०२३ साली मान्य केलं, तेव्हा त्याची अठ्ठावीस वर्षं तुरुंगात गेली होती. फायलीत जे नाही ते वरच्या कोर्टालाही दिसत नाही, ही अपिलाची मर्यादाच आहे.

उशिराचं सगळं खापरही कोर्टावर फोडू नका. पुण्याच्याच २००७च्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खुनात राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज २०१७ साली फेटाळला आणि फाशीची तारीख पडली २४ जून २०१९. मधली दोन वर्षं कुठलंही अपील चालू नव्हतं. याच दिरंगाईवर बोट ठेवून हायकोर्टानं फाशी रद्द करून पस्तीस वर्षांची कैद दिली.